ग्लासवरचा आडवा हात

पोस्टरवर एक जोडपं ग्लास उंचावून खदखदून हसत होतं. एवढ्या पुराव्यावर मी ठरवून टाकलं की सिनेमा विनोदी आहे. ऐंशीच्या दशकातलं, अमेरिकेतलं ॲन आर्बर. युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जुने परदेशी सिनेमे लागत. डोक्यावर केस होते तोवर मला अशा सिनेमांतलं कळतं असाही माझा समज होता. मित्राला आणि त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, मी ओढूनच नेलं. दुपारी तोंडाला वास येतो म्हणून मित्राला ऑफिसात शेवटची ताकीद मिळाली होती. म्हटलं, जरा हसेल.

सिनेमा निघाला डॅनिश, काळापांढरा आणि दारुड्याचा. पडद्यावरचा नवरा मुलीच्या दप्तरात बाटली लपवत होता. मी खुर्चीत रुतत गेलो. शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं अंधारात मला चिमटा काढला. मित्र मात्र हलला नाही. दिवे लागले तेव्हा त्यानं वहिनींचा हात घट्ट धरला होता.

गाडीत तो म्हणाला, "आजपासून बंद. तुमच्या सगळ्यांदेखत सांगतो."

वहिनी रडल्या. कितीतरी महिन्यांनी बऱ्या कारणासाठी.

आमच्या घरी आलो. बाहेर बर्फ, आत अवघडलेली शांतता. अशा वेळी माझ्यातला यजमान जागा होतो. पंगतीत नको-नको म्हणणाऱ्याच्या हातावरसुद्धा श्रीखंड वाढणारी आमची जात. सवयीनं स्कॉच काढली. मित्रानं ग्लासवर आडवा हात धरला.

"अरे, सिनेमा होता तो! आपण काय डॅनिश आहोत? थंडीपुरती एक. माझ्यासाठी."

"नको यार."

मी हसत हसत त्याची बोटं एकेक करून उचलली. हसलो फक्त मीच. एकाचे चार झाले.

एप्रिलात त्याची नोकरी गेली. वहिनी मुलीला घेऊन दूर चँडलर गावी भावाकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. तो मला कधी एका शब्दानं बोलला नाही. आमच्याकडे यायचा आणि रिकामा ग्लास आपणहून पुढे करायचा. बाटली लपवायची वेळ आता माझ्यावर आली होती.

"तो सिनेमा त्याला दाखवायलाच नको होता," एकदा मी बायकोला म्हणालो.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "सिनेमाचं काही चुकलं नव्हतं हो," ती म्हणाली. "त्यांनी हात आडवा धरला होता. मी बघितलं. तुम्हीही बघितलंत."