सीताफळाच्या फुलाचा छाप

बाळापूरचे जहीरमियां बहुतेक वेळा चिडलेलेच असत, आणि गावानंही त्यात कसर ठेवली नव्हती. तीस वर्षं त्यांनी अकोल्यात इमारतींचे निळे नकाशे काढले. कम्प्युटर आला, दुकान बसलं, पण निळ्याचा नाद सुटला नाही. आता ते पांढऱ्या सुती कापडाला नकाशाच्या कागदाचं तेच औषध लावून, वर खरं फूल ठेवून उन्हात धरत. मग पाण्यात खळबळलं की कापड निळं आणि फुलाची सावली पांढरी. लोक विचारत, हा कोणाचा एक्स-रे?

त्यातही फुलं हवीत ती जगातल्या सगळ्यात जुन्या कुळांतली. सोनचाफा, तळ्यातला पोयणा, विड्याची पानवेल. गुलाब छापून मागणाऱ्याला ते दारातूनच वाटेला लावत. हे वेड लावलं अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वर्षाली मॅडमनी. शुक्रवारी कॉलेजात भिंतीवर या छापांचं प्रदर्शन लागायचं होतं. सगळे छाप तयार होते, अडलं होतं सीताफळापाशी. आणि सीताफळाचा बहर तर सरतच आला होता.

सीताफळाचं फूल महा हट्टी. तीन जाड पाकळ्या, त्या कापडाला टेकायचं नावच घेत नाहीत. काच दाबावी तर रस सुटून डाग पडतो. तीन दिवस जहीरमियांनी कापडांचा नुसता सत्यानाश केला. बुधवारी एक छाप कसाबसा साधला, तो बादलीत टाकून ते दुपारच्या नमाजाला गेले. परत येऊन पाहतात तर निळा गायब, कापड पिवळट.

त्यांच्या बायकोनं, आयशाबींनी, बादलीत निळं पाणी सुटलेलं पाहिलं होतं. रंग कच्चा दिसतो, सोड्यानं पक्का होईल, म्हणून त्यांनी वरून मूठभर धुण्याचा सोडा टाकला होता. सोड्यानं हा निळा मरतो. जहीरमियां अर्धा तास बोलत होते. आयशाबींनी सगळं ऐकून घेतलं.

"पाच वर्षं झाले," त्या म्हणाल्या. "हात लावू नको, एवढंच शिकवलं तुमी मले. सोडा टाकू नको, हे कधी सांगतलं?"

जहीरमियांना आणखीच राग आला. तशाच रागात ते शेजारच्या नत्थुजींच्या शेताच्या धुऱ्यावरच्या सीताफळाकडे गेले. बाकी फांद्यांना बोराएवढी फळं धरली होती, एकच फूल उरलं होतं. ते घरी आणलं. हे बिघडलं की यंदाचं सीताफळ गेलं, हे दोघांनाही कळत होतं.

आयशाबींनी विळी घेतली आणि भेंडी चिरावी तसं फूल उभं चिरलं. जहीरमियां ओरडतच पुढं झाले. पण अर्धं फूल कापडावर सपाट बसलं. काचेची गरजच राहिली नाही. फक्त वाऱ्यानं ते सरकू लागलं, तेव्हा आयशाबींनी देठावर अंगठा ठेवला आणि पाच मिनिटं उन्हात तशाच बसून राहिल्या.

छाप असा आला की पाकळीच्या आतलं बोंडसुद्धा दिसत होतं. देठावर मात्र अंगठ्याचा पांढरा ठसा. जहीरमियांनी कपाळावर हात मारला.

शुक्रवारी अमरावतीला वर्षाली मॅडमनी तो कोपरा बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, हा झाडाचा कोणता भाग?

"तो झाडाचा नाही," जहीरमियां वैतागून म्हणाले. "तो आमच्या घरचीचा अंगठा हाय. तिचंही नाव खाली लिवा."