मामांची दोरी

मामा बटण दाबत नसत. दारावर बेल असली तरी कडी वाजवत, लिफ्ट असली तरी जिना चढत, आणि स्कूटरला बटण असूनही रोज सकाळी किक मारूनच कंपनीत येत. "बटण दाबलं की काम व्हतंय, पर कसं झालं ते कळत नाय," हे त्यांचं म्हणणं. घरातला दिवा तेवढा ते बटणानं लावत, कारण त्याला किक नव्हती.

वाळूजला आमच्या कंपनीत ते मेंटेनन्सचे फोरमन होते. मी क्वालिटीत नवीन लागलेली, हातात मापाचं व्हर्निअर आणि डोक्यात तक्ते. मॅनेजरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मूळचे सिल्लोडकडचे. वडील मेंढरं राखायचे, पण मामांचा जीव इंजिनात रमला आणि मिसरूड फुटायच्या आत ते डिझेल पंपाच्या मिस्त्रीकडे कामाला लागले. तिथला पहिला धडा त्यांनी जन्मभर पाळला. हँडल मारताना किंवा दोरी ओढताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, त्याचा विळखा घालायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर आतला अंगठा मोडतो. "अंगठा भाईर ठिव," हा सल्ला ते मग कशालाही देत. कुणी जामीनदार व्हायला निघाला, अंगठा भाईर ठिव. माझं लग्न ठरलं, पेढा हातात घेत म्हणाले, "चांगलं झालं ताई. अंगठा तेवढा भाईर ठिव."

अशा माणसाकडे नायट्रो नावाच्या इंधनावर पळणारी रिमोटची छोटी गाडी आली, ती एका परदेशी इंजिनिअरमुळे. त्याचं नवं मशीन तीन दिवस चालू होईना, ते मामांनी चालू करून दिलं. जाताना त्यानं आपली लाडकी गाडी मामांना भेट दिली. हातभर लांब, पण आत खरंखुरं इंजिन. त्याच्या पाठीला दोरीचा मुठा, तो ओढला की इंजिन सुरू. इंधनात एरंडेल असायचं, त्यामुळे गाडी चालली की बजाजनगरच्या त्यांच्या गल्लीत जुलाबाच्या औषधाचा वास सुटे. मामी म्हणत, "लोकं इचारतेत, तुमच्याकडं पोट कुणाचं बिघडलंय?"

पहिल्याच दिवशी मामांनी डिझेल पंपाच्या हिशोबानं दोरी ओढली. पंपाची दोरी वावभर लांब, ही जेमतेम वीतभर. दोरी मुठ्यासकट हातात आली आणि मामा मागच्या तुळशीवर बसले. घरात तेवढी बारीक आणि चिवट दुसरी दोरी नव्हती, म्हणून त्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या मामींच्या परकराची नाडी काढून ओवली. गाडी सुरू झाली. मामींना चार दिवसांनी पत्ता लागला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "लई मजबूत माल हाये. कंपनीत बी असा येत नाय." त्या दिवशी त्यांना जेवण मिळालं की नाही, हे मी विचारलं नाही.

ती वर्षं लागोपाठच्या दुष्काळाची होती. गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. आणि ही गाडी वरचेवर जास्त इंधन पिऊन बसायची. मग मामा प्लग काढून तिला उलटी धरत, हलक्या हातानं दोरी ओढत, आणि आतलं इंधन थेंबाथेंबानं बाहेर पडे. एकदा पाण्याच्या रांगेतल्या बायका हे बघत उभ्या होत्या. मामा म्हणाले, "समदा जिल्हा कोरडा अन् ही एकटीच नाकातोंडात पाणी जाऊन बसलीया." मी विचारलं, एवढं हळू का ओढता? तर म्हणाले, "माझा बाप बसलेलं मेंढरू लाथ मारून नव्हता उठवत. पोटाखाली हात घालायचा." मी तेव्हा हसले होते. पुढे मी मशीन हाताळायला लागले, तेव्हा हे वाक्य मला चांगलंच उपयोगी पडलं.

हौशी लोकांच्या अशा गाड्या दर रविवारी पळायच्या त्या गावाबाहेरच्या माळावर. शहर तिकडे सरकत होतं. शेतांचे प्लॉट पडले होते, पांढऱ्या दगडांवर नंबर टाकलेले होते आणि घर एकही नव्हतं. प्लॉट नंबर बारापासून सतराला वळसा घालून परत बारा, अशी आमची शर्यत. ते प्लॉट विकणारे भाई स्वतः हौशी. त्यांच्याकडे तयार खोका होता. त्यावर गाडी ठेवून दाबली की खोक्यातलं फिरतं चाक खालून इंजिनाला घासायचं आणि इंजिन सुरू. भाई म्हणायचे, "मामा, कायकू तकलीफ लेते? खोका ले लो."

खोक्याला बटण नाही, हे पाहून मामा थोडे विरघळले. मात्र विकत घेतील तर ते मामा कसले. त्यांनी स्कूटरचा जुना स्टार्टर आणि प्रेसखाली वापरतात तसली जाड पत्र्याची पाटी जोडून स्वतःच खोका केला. तो उचलायला दोन माणसं लागली. माळावर सगळ्यांसमोर मामांनी गाडी त्यावर ठेवली आणि दाबली. इंजिन सुरू झालं नाही, पण गाडी उडाली ती थेट प्लॉट नंबर चौदात. भाई हसून हसून खाली बसले. म्हणाले, "मामा, अब ये गाडी मेरेकू दे दो. ऑफिस में काच के अंदर रखता."

मामा आयुष्यात कधी चिडले असतील तर त्या दिवशी. म्हणाले, "ज्या रविवारी ही माझ्या घरच्या हातानं चालू व्हणार नाय, त्या रविवारी घिऊन जा." दहा माणसांनी ऐकलं. मामांचा शब्द म्हणजे शब्द. खोका घरी गेला आणि मामींनी त्यावर पाण्याचा ड्रम ठेवला. तो तिथे एवढा घट्ट बसला की मामींच्या मते मामांनी जन्मात केलेलं ते एकच उपयोगाचं काम.

पुढच्याच वर्षी मामा रिटायर झाले आणि त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी झटके बंद सांगितले. आता मामांकडे उरलं होतं काय? कंपनी सुटलेली, आणि रविवार तेवढा राहिलेला. मी आपली क्वालिटीवाली, एक तक्ता करून नेला. दोरी, खोका, बॅटरीवरचा हातातला स्टार्टर. पुढे फायदे, तोटे, खांद्यावर येणारा भार. बॅटरीवाला पहिला आला होता. मी तो घेऊनच गेले होते. मामांनी तक्ता चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "ह्यात हात कुठंय?"

तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी दोरीची पाठ काढून स्टार्टरची पाठ बसवली. बटण मलाच दाबायला लावलं. गाडी एका दमात सुरू झाली. "चांगलंय," ते म्हणाले, आणि चहा मागवला. रविवारी माळावर बघते तर गाडीला परत दोरी. स्टार्टर त्यांनी जुन्या फडक्यात नीट गुंडाळून माझ्या हातात दिला.

त्या रविवारी मामी पहिल्यांदा माळावर आल्या. हे खांदा मोडून घेणार, म्हणून अडवायलाच आल्या होत्या. पण त्या पोचेपर्यंत मामांनी मुठा धरला होता. पहिला झटका अर्धाच गेला. दुसऱ्याला हात वर गेलाच नाही. डावा हात लावून पाहिला, त्यात जोर नव्हता. गाडी भाईंना नको होती हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण तसं म्हणून मामांचा शब्द खोटा पाडायची त्यांची हिंमत नव्हती. मामांनी गाडी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"ठिवा ती खाली," मामी म्हणाल्या.

पदर खोचून त्या जमिनीवर बसल्या. एका बोटानं धुराची नळी बंद करून दोरी दोनदा हळूच ओढली, इंधन वर आलेलं पाहिलं. मग मला म्हणाल्या, "ताई, ते पेटवायचं लाव." मी प्लग तापवायचा सेल त्यावर लावला. जन्मभर विहिरीचा दोर ओढलेला तो हात. तीन आखूड झटके दिले आणि इंजिन किंचाळत उठलं. मुठ्यावर अंगठा बोटांच्या बाजूला होता, विळखा न घालता.

"तुला कसं जमलं?" मामांनी विचारलं.

"रोज दारात वाजवता. चुलीपासून बघते, आईकतेच ना," मामी म्हणाल्या. "आता पळवा लवकर. टँकर यायचाय."

भाईंनी मामांच्या पाया पडायचं ते चुकून मामींच्या पडले. मामा त्या दिवशी शर्यत हरले आणि आठवडाभर तीच गोष्ट कंपनीच्या गेटवर येऊन सांगत राहिले. त्यानंतर दर रविवारी दोघं स्कूटरवर येत. किक मामा मारत, दोरी मामी ओढत.

मामांना जाऊन आता तीन वर्षं झाली. माळावर घरं उठली. प्लॉट चौदात कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. मला त्यांची इतकी आठवण येते की मी अजून कुठल्याही नव्या मशीनला आधी हात लावून पाहते, मग बटण दाबते. मागच्या महिन्यात बजाजनगरला गेले, तर मामींनी कपाटातून गाडी काढली. रोज पुसलेली दिसत होती. मी म्हटलं, मामी, तो बॅटरीवाला स्टार्टर माझ्याकडे अजून आहे, आणून देऊ का?

मामींनी मान हलवली आणि आपला उजवा खांदा चोळला. आता त्यांचाही धरला होता. गाडी त्यांनी दारात ठेवली, प्लगवर सेल लावला आणि दोरीचा मुठा माझ्या हातात दिला.

"ओढ," त्या म्हणाल्या. "घरचाच हाये तुझा बी हात."

माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे मूठ नीट दिसत नव्हती. मामींनी खाली वाकून माझा अंगठा हळूच सोडवला आणि बोटांच्या बाजूला लावला. तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली, आणि गल्लीभर एरंडेलाचा वास सुटला.