सिमेंटचे सोळा पत्रे

चुलीचा धूर लेकीच्या छातीत जाऊ नये म्हणून मी एक शहाणपणा केला. स्वयंपाकघरावरच्या सिमेंटच्या पत्र्याला धुराड्याचा पाइप बाहेर काढायला स्वतःच्या हातानं भोक पाडलं. घरचा पुरुष असताना मिस्त्री कशाला, असं मीच म्हणालो. दुसरं कुणी म्हणालं नव्हतं. स्टुलावर चढून लोखंड कापायच्या करवतीनं सकाळभर घासत बसलो. वर बघताना माझं तोंड उघडं राहतं. पांढरी भुकटी खाली पडत होती, थोडी माझ्या तोंडात, बाकीची फरशीवर. लेक तेव्हा सहा वर्षांची. तिनं त्या भुकटीत बोटानं फूल काढलं. बायकोनं ते केरसुणीनं झाडलं, तशी भुकटी पुन्हा वर उठली. आणि मी पाइपाकडं बघून मिशीवरून हात फिरवत होतो.

त्याच रविवारी बायकोचा धाकटा भाऊ जेवायला आला. तो चाकणला कंपनीत. हात धुताना त्याचं लक्ष वर गेलं.

"दाजी, हे कुनी कापलं?"

"मीच," मी म्हणालो आणि कौतुकाची वाट बघत राहिलो.

तो पाटावर बसेना. त्यांच्या कंपनीच्या जुन्या शेडवरून असलेच पत्रे काढले तेव्हा म्हणे आत कुणालाच जाऊ दिलं नव्हतं. काढणारी माणसंच वेगळी आली होती. "ह्यात ॲस्बेस्टॉस असतंय, दाजी. गपगुमान वर पडलंय तवर ठीक. कापलं, फोडलं की त्याचं बारीक धागं उडत्यात. छातीत गेलं की निघत न्हाईत. आन् आज कळत बी न्हाई. वीस-तीस वर्सांनी कळतं."

त्या दिवसापासून लेक खोकली की मी हातातलं काम टाकून तिच्याकडं धावायचो. तिला घोडेगावला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छाती तपासून सांगितलं, "सर्दी आहे."

"आणि ती भुकटी?"

"ती मला आज कानानं कशी ऐकू येणार?" ते म्हणाले. त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल, पण मी घरी येईपर्यंत तेच घोकत होतो.

त्यात मी पाडलेल्या भोकापासून पत्र्याला चीर गेली होती. वारा आला की पाइप हलायचा आणि चुटकीभर पांढरं खाली गळायचं. चूल पडवीत नेली, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. सगळे पत्रे काढायचे ठरलं. सोळा होते.

पण काढणार कोण? नारायणगावला पत्र्यांच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "पावणं, बसवायला मानसं देतो. काढायला कशाला पायजेत? दोन घण हाना, आपसूक खाली!" गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. चारचौघांत माझ्यावरच हसायची वेळ आली की मी मागं राहत नाही.

जुन्नरला एक म्हातारे मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते मात्र हसले नाहीत. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून, दम घेऊन म्हणाले, "भाऊ, चाळीस साल मी हेच पत्रं कापलं. फडकं बी बांधलं न्हाई कधी. आता जिना चढवत न्हाई. दमा हाय म्हनत्यात… काय हाय कुनाला ठावं. माहीतगार मानूस आना. मला बोलवू नका." परतीच्या जीपमध्ये मी माझाच श्वास मोजत आलो.

शेवटी मेहुण्याच्या ओळखीनं, महिनाभर फोन करून, त्याच्या कंपनीच्या शेडचे पत्रे काढणारा पुण्याचा कंत्राटदार यायला कबूल झाला. त्याच्या अटी दोनच. घरात कुणी थांबायचं नाही, आणि एकही पत्रा गावात राहणार नाही. सगळे तो बांधून घेऊन जाणार. मी मान डोलावली.

डोलावली खरी, पण चार दिवसांपूर्वीच मी एक उद्योग करून बसलो होतो. आमच्याकडं कुणाचे पत्रे निघणार अशी कुणकुण लागली, की पहिल्यांदा मागेल त्याला ते जातात. गोठ्याला, खुराड्याला, न्हाणीच्या आडोशाला. थोरल्या चुलत भावानं पारावर पाच माणसांत विचारलं होतं, "पत्रं निघत्यात म्हनं तुझं? शेळ्यांवर घालाय दे." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "न्या की, दादा." भावकीत मला दुसरं उत्तर येतच नाही. बायकोला हे सांगितलं नव्हतं.

कामाच्या दिवशी बायको-लेकीला शिनोलीला मावशीकडं पाठवलं. कंत्राटदाराची चार माणसं पांढरे झगे घालून, तोंडाला जाड मास्क लावून उतरली, तशी गल्ली गोळा झाली.

"आवो, कोंबड्यांचा रोग आला का काय?" शेजारच्या काकूंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आपल्या कोंबड्या डालायला पळाल्या.

माणसांनी पत्रे पाण्यानं भिजवले, हुकांचे नट हलके सोडले, एकेक पत्रा अख्खा दोरानं खाली घेतला आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला. मी लांब बांधावर उभा. प्रत्येक पत्रा सुटला की माझा श्वास थांबायचा. चिरलेला पत्रा उतरवताना 'कट्' झालं आणि मी खालीच बसलो. नुसता नट निसटला होता.

सोळावा बांधून झाला आणि दादा ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन हजर.

कंत्राटदारानं माझ्याकडं पाहिलं. "तुम्हीच सांगा त्यांना."

"दादा, पत्रं न्हाई देता येणार."

"का? दुसऱ्या कुनाला दिलं?"

"न्हाई. त्यात वाईट धूळ असती. छातीत जाती."

"आन् तू पंधरा वर्सं त्याच्याखाली जेवला ते? शेळ्यांना काय व्हतंय?"

"शेळ्यांपाशी तुमची नात खेळती, दादा."

दादानं प्लास्टिकातल्या गठ्ठ्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "द्यायचं न्हाई म्हन सरळ! पाच मानसांत हो म्हनतो, आन् आज प्लास्टिकात बांधून पुन्याकडं धाडतो. पुन्याची लोकं जवळची व्हय रं?" रिकामी ट्रॉली खडखडत गेली.

माणसांनी ओल्या फडक्यांनी भिंती-फरशी पुसली, फडकीही पिशवीत भरली. निघताना मी कंत्राटदाराला लेकीचं विचारलं. "झालं ते मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "इथून पुढं छातीत काही जाणार नाही, एवढं नक्की."

संध्याकाळी बायको आली. दारापर्यंत यायच्या आत गल्लीनं तिला सगळं सांगितलं होतं, माझ्या "न्या की, दादा"सकट. ती उघड्या स्वयंपाकघरात उभी राहून वर बघत राहिली. वर नुसते वासे आणि आभाळ. नवे लोखंडी पत्रे अंगणात रचलेले. मी म्हणालो, "उद्या दादाकडं जाऊन नीट समजावून सांगतो."

"मी जाते," ती म्हणाली. "जाऊबाईंशी बोलते, नातीचं त्यांना कळंल. तुमी येऊ नका. तुमी आलात तर चहा संपायच्या आत हे नवे पत्रे देऊन बसाल."