लहान पुडीच्या चार ओळी

मोताळ्याच्या महेजबीनचं डोकं त्या हंगामात जे चक्रावलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. आणि तिला दोष तरी कोण देईल!

झालं असं, की विद्यापीठानं एका बियाणं कंपनीशी करार केला. शेतकी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं सहा महिने कंपनीचं काम शिकतील, मार्क कॉलेजचे तायडे सर देतील, आणि ज्याचं काम कंपनीला पसंत पडेल त्याला थेट नोकरी. वर्गातून एकालाच. महेजबीनला ती हवीच होती. घरात महिन्याचा पगार कसा असतो ते कोणी पाहिलेलं नव्हतं.

प्रत्येकानं एक एकराचा नमुना प्लॉट करायचा होता. तिनं तो अब्बांच्या, म्हणजे युसूफभाईंच्या वावरात केला. बीटी कपाशीच्या थैलीत एक लहान पुडी निघते, साध्या, बिगर-बीटी बियाण्याची. ती कडेनं पेरायची. बोंडअळी तिथं पोसते आणि आतल्या कपाशीतल्या विषाला सरावत नाही. पुस्तकात हे आहे, थैलीवर छापलेलं आहे, परीक्षेत हमखास येतं. आणि अख्ख्या तालुक्यात थैली फोडली की ती पुडी सरळ उकिरड्यावर जाते!

"बेटा, घरात अळी पाळते काय कोणी?" अब्बा हसले. पण पोरीची हौस म्हणून त्यांनी चार ओळी स्वतःच्या हातानं टोबून दिल्या.

ऑक्टोबरात त्या ओळींवर अळी पडली. पडायचीच होती! आतली बीटी पऱ्हाटी हिरवीगार, कडेची बोंडं पोखरलेली. महेजबीन खुशीत वहीत नोंदी करत सुटली. धुऱ्यापलीकडच्या, शेजारच्या वावरातल्या चांगुणाबाई मात्र भडकल्या. "काय वं पोरी, इतकं शिकून आमच्या वावरात अळ्या सोडून राह्यली?"

पुढं या प्लॉटवर शेतकरी मेळावा ठरला. आदल्या दिवशी कंपनीचे साहेब आले आणि कडा पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"मॅडम, या ओळी आजच उपटा. लोकांना काय आमच्या थैलीतली अळी दाखवायची?"

"पण सर, थैलीवरच लिहिलंय..."

"ते थैलीवर राहू द्या. नोकरी करायची आहे ना?"

तिनं तायडे सरांना फोन लावला. सर बराच वेळ खाकरले. "परीक्षेत विचारलं तर लावायच्या असं लिही. आत्ता साहेब म्हणतात तसं कर."

आता यातून माणसानं काय शिकावं, सांगा! दिवस मावळेपर्यंत बापलेक ओळी उपटत होते.

मेळाव्यात साहेबांनी भाषण ठोकलं आणि शेवटी पाठ केल्यासारखं म्हणाले, "लहान पुडी कडेनं लावायला विसरू नका."

चांगुणाबाई उठल्या. "हिनं लावली होती ना. काल उपटली. काऊन उपटली?"

साहेब महेजबीनकडे पाहत होते, तायडे सर स्वतःच्या चपलांकडे. 'अळी पडली म्हणून' एवढं म्हटलं असतं तर नोकरी तिचीच होती. पण मग समोरचे शंभर जण पुडी फेकणार ते फेकणारच.

"साहेबांनी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "अळी पडली ते बरोबरच होतं. तुम्ही लावा."

नोकरी वर्गातल्या अपेक्षा नावाच्या मुलीला लागली. तिनं पुडी पेरलीच नव्हती, त्यामुळं तिचा प्लॉट देखणा होता. महेजबीनला तायडे सरांनी शंभरात अठ्ठ्याण्णव दिले, वर्गात पहिली. गुणपत्रिका घेऊन ती अब्बांपुढं बसली.

"अब्बा, मी पास झाली का नापास?"

अब्बांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"मलेबी समजून नाही राह्यलं, बेटा. पण तुझ्या जागी मी असतो ना, तर भिऊन झूठ बोललो असतो."