तापलेली बनीम

लातूरच्या एका क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवते. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, हे वाक्य फळ्यावर लिहिताना माझा हात आपोआप चालतो. औशाजवळच्या आमच्या शेतात मात्र त्याच वाक्यानं माझी चांगली जिरवली.

सोयाबीन कापून झालं आणि आभाळ आलं. शेती आई बघते. बियाणं घरचंच, दुकानाचं बी तिनं कित्येक वर्षांत आणलेलं नव्हतं. ती म्हणाली, "वलं हाय अजून. दोन दिस ऊन खाऊ दे, मग बनीम लावू." बनीम म्हणजे कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग. मला सोमवारी क्लास गाठायचा होता, त्यात शिकलेल्या माणसाचा तोरा. मी तिचं ऐकलं नाही. बनीम रचून घेतली, ताडपत्री ओढली, कडेनं दगड लावले.

पाऊस चार शिंतोडे टाकून गेला. गुरुवारी आईचा फोन आला, "बनीम आतून गरम लागायलीय. उघडू का?"

"थांब, मी येईपर्यंत हात लावू नको," मी म्हणाले. मला मोजायचं होतं!

शनिवारी तापमापक घेऊन पोचले. ताडपत्री उचलताच वाफ तोंडावर आली. आत हात घातला नि झटकन काढला. विस्तव नाही, ऊन नाही, मग एवढी धग आली कुठून? ओल्या दाण्यांचा श्वास चालू होता आणि बुरशीही त्यांच्यावर ताव मारत होती. दाण्यातलं तेल नि हवेतला ऑक्सिजन यांचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होताना जी ऊर्जा उरते, तीच ही उष्णता. म्हणजे श्रावणात पानांनी साठवलेलं ऊन माझ्या हाताला लागत होतं. मी हरखून गेले. पारा बघून आकडे लिहीत होते, आईला समजावत होते, "बघ, काहीच वाया गेलं नाही, नुसतं रूप बदललं."

आई एकटीच पेंढ्या पसरत होती. "हाव," एवढंच म्हणाली.

मळणी झाल्यावर तिनं नेहमीसारखे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. चांगलं बी असलं की सत्तर-ऐंशी दाण्यांना तरी मोड येतात. काही दिवसांनी आम्ही दोघींनी गोणपाट उलगडलं. एकोणीस. मी पुन्हा मोजले. एकोणीसच.

मला रडू आलं. फोन आला तेव्हाच बनीम उघडू दिली असती तर बरंच बी वाचलं असतं, हे मला कळत होतं नि तिलाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं गोणपाट झटकलं, दोरीवर टाकलं आणि हात पुसत विचारलं, "दुकानाचं बी कोणतं घ्यावं गं? मला त्यातलं काई कळत न्हाई. तू संगं चल, पिशवीवरचं वाचून सांग."