शनिवारी आम्हा मास्तरांना शिकवणाऱ्या सुरवाडे बाई

सुरवाडे बाईंना मी भर स्टाफरूममध्ये वेड्यात काढलं होतं.

आज सकाळी पिंप्राळ्यातल्या आपल्या घरी बाई वारल्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शिरपूरच्या शाळेत मी गणिताला नवा लागलो होतो. वय सव्वीस. हातात छडी, डोक्यात हवा.

बाई मराठी शिकवायच्या. दिवाळीच्या सुट्टीत स्वतःहून नाशिकला आठ दिवसांचं शिबिर करून आल्या आणि हेडसरांना म्हणाल्या, "शनिवारी शाळा सुटली की मला एक तास द्या. परीक्षेचं टेन्शन कसं हाताळायचं, मुलांशी कसं बोलायचं, ते शिकून आलेय. आधी शिक्षकांना शिकवते, मग मुलांना."

त्या काळी टेन्शन फक्त मोठ्यांना यायचं. पोरांना आळस यायचा.

मी म्हणालो, "बाई, बी.एड. झालंय आमचं. आता श्वास घ्यायलाही शिकायचं का? वेड लागलंय तुम्हाला."

सगळे हसले. बाईसुद्धा.

पहिल्या शनिवारी कोणीच गेलं नाही. मी सायकल काढताना पाहिलं, बाई रिकाम्या वर्गात एकट्याच बसल्या होत्या. पूर्ण तासभर बसल्या म्हणे.

मग दहावीची प्रिलिम आली. कल्पना नावाची मुलगी. फळ्यावर भराभर गणितं सोडवणारी. तिने पेपर कोरा दिला.

मी तो कोरा पेपर वर्गासमोर धरला. "बघा, शिरपूरच्या गणितज्ञ!"

वर्ग खो खो हसला.

दुसऱ्या दिवसापासून कल्पना शाळेत नाही.

पाचव्या दिवशी बाई माझ्याजवळ आल्या. "चला तिच्या घरी. बोलायचं मी. तुम्ही फक्त ऐकायचं. जमेल?"

तिची आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आम्हाला बघून दारातच म्हणाली, "मनी पोर ढ नही शे, सर." आपली पोर ढ नाही, एवढं सांगून तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कल्पनाने सगळी पुस्तकं गोणीत भरून गोणीचं तोंड बांधून ठेवलं होतं.

बाई कल्पनाशेजारी जमिनीवर बसल्या. कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत.

मला राहवेना. "अगं, नीट अभ्यास केला की..." एवढं म्हणालो. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

शेवटी कल्पनाच बोलली. "पेपर हातात आला की आकडे हलतात. हात गार पडतात. सर मागे येऊन उभे राहिले की काहीच दिसत नाही."

सर म्हणजे मी.

बाईंनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "काय केलं तर तुला सोपं जाईल? तूच सांग."

ती म्हणाली, "पहिली पाच मिनिटं माझ्याकडे कोणी बघू नका."

मग महिनाभर, रोज शाळा सुटल्यावर, बाईंनी तिचा सराव घेतला. पेन खाली ठेवायचं. श्वास हळूहळू सोडायचा. सगळ्यात सोपं गणित शोधायचं आणि तिथूनच सुरू करायचं, मग ते शेवटचं का असेना. पेपर मी काढायचो. ती लिहायला लागली की मी खिडकीबाहेर बघत उभा राहायचो.

मार्चला ती गणितात राहिली.

मी बाईंकडे गेलो. "काय उपयोग झाला, बाई?"

"तिने निम्मा पेपर लिहिला, सर. ऑक्टोबर आहे की."

ऑक्टोबरला विषय सुटला. पेढे घेऊन आली. मी "शाब्बास" म्हणालो. माफी मागायची होती, ती राहिली.

त्या शनिवारी मी बाईंच्या तासाला जाऊन बसलो. हळूहळू बाकीचेही आले. बाईंनी जोड्या पाडल्या. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मधे न तोडता ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही.

माझ्या वाट्याला हेडसर. ज्यांच्या चपलांचा आवाज आला तरी व्हरांडा रिकामा व्हायचा, ते हेडसर.

ते म्हणाले, "बायकोला कॅन्सर आहे. शाळेत कोणाला सांगितलं नाही."

आणि रुमाल काढला.

छडी मी त्याच आठवड्यात घरी नेऊन ठेवली.

बाई रिटायर झाल्यावर तो तास मी चालवला. धुळ्यापर्यंतच्या शाळा बोलवायच्या. लोक मला ट्रेनर म्हणायला लागले.

आता जे लिहितोय ते आजवर कोणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईंचे मिस्टर गेले. मागच्या महिन्यात दुपारी बाईंचा फोन आला. "वेळ आहे का, सर? थोडं बोलायचं होतं. घर खायला उठतं हो."

मी भाजीबाजारात होतो. म्हणालो, "मन गुंतवा कशात तरी. सकाळी फिरायला जा. तुम्हीच असं म्हणायला लागलात तर आम्ही कोणाकडे बघायचं?"



"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कसे आहात?"

आणि मग मीच बोलत राहिलो. माझी शुगर, माझे गुडघे, सुनेची बदली. बाई दहा मिनिटं ऐकत होत्या. एकदाही मधे तोडलं नाही.

नंतर निवांत फोन करतो म्हणालो.

केला नाही.

आज गेलो. बाईंची मुलगी म्हणाली, "आई तुमचं फार कौतुक करायची, सर. म्हणायची, माझा तास त्यांनी पुढे नेला."

मला मान वर करता आली नाही.

त्रिशरण झालं. फुलं वाहिली. मी सगळ्यात शेवटी निघालो.

चुकलो, बाई.

जय भीम.