बाईंची खालची तार

मी लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत, पत्रे दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपला सुपरवायझर, राहायला कुरुळीत. भूत, शक्ती वगैरे विषय निघाला की सगळ्यात आधी हसणारा मीच. मशीन बंद पडलं तर लिंबू नाही, फ्यूज बघायचा — एवढं साधं डोकं. म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले...

मी चेलो शिकतो. गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन म्हणा ना. चाळिशीत हे कुठून सुचलं, असं बायको अजून विचारते. एका मित्राच्या लग्नात, चर्चमध्ये, एस्तरबाईंना वाजवताना ऐकलं आणि रोज प्रेसचे दणके खाणारे माझे कान निवले. तिथेच त्यांच्या मागे लागलो.

बाई पिंपळे सौदागरला एका सोसायटीत एकट्या राहतात. सत्तरी ओलांडलेली. शिकवण्याची पद्धत वेगळीच. माझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून, आणि बाई आपला चेलो घेऊन माझ्या पाठीमागे. मी धडा वाजवायचा, त्या मागून सगळ्यात जाड, खालची तार संथपणे धरून ठेवायच्या. माझा सूर घसरला की दोन आवाज एकमेकांवर घासायचे... मग आपलं आपणच बोट सरकवायचं.

"मी चूक सांगत बसले तर तू माझं तोंड बघत बसशील. पाठीने ऐक. वळायचं नाही," म्हणायच्या.

त्या शनिवारी दुपारी नेहमीसारखा गेलो. क्लासच्या वेळी दार नुसतं लोटलेलं असतं. बाई दिसल्या नाहीत. "बाई, आलो हो," असं ओरडून सांगितलं, तारा जुळवल्या आणि सुरू केलं. थोड्या वेळाने मागून ती तार लागली. बाई येऊन बसल्या, असं समजून मी वाजवत राहिलो. पाठीला तिची थरथर जाणवत होती — शपथेवर सांगतो.

मग मागचाच सूर घसरायला लागला. बाईंचा सूर? मी बोट सरकवून पाहिलं... माझं बरोबर होतं. तो आवाज क्षीण होत गेला आणि थांबला. न राहवून मी वळलो.

खुर्ची रिकामी. बाईंचा चेलो कोपऱ्यात, कव्हरची चेन लावलेली.

"बाई!"

बाथरूमकडून बारीक कण्हणं आलं. बाई फरशीवर पडल्या होत्या, घामाने भिजलेल्या, तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या काकांना हाका मारल्या आणि त्यांच्या गाडीतून हॉस्पिटल गाठलं. गाडीत काका म्हणाले, "आत्ता तर दोन वाद्यं वाजत हुती की राव! मग बाई पडल्या कवा?"

मी बाईंचं डोकं मांडीवर सांभाळून धरलं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मला तर धडा संपेपर्यंत वळायची सवयच नव्हती... तिथल्या बाकावर बसून मी ढसाढसा रडलो.

बाई बोलायला लागल्यावर भीत भीत सगळं सांगितलं.

"कोणती तार?"

"नेहमीचीच. खालची."

"अरे, ती आदल्या दिवशीच तुटली. म्हणून तर चेलो कव्हरमध्ये होता."

मी बाईंच्या घरी जाऊन कव्हरची चेन उघडली. खरंच, तार नव्हती.

मित्रांनी खूप तर्क लावले. भिंतीचा प्रतिध्वनी, कुणाचा तरी टीव्ही, मनाचे खेळ. मीही शोधलं. त्याच खुर्चीवर बसून, खिडकी उघडून, बंद करून... काही हाती लागलं नाही.

शेवटी बाईच वैतागल्या. "किती शोधशील रे? मी समोर बसलेय ना? चहा घे, निवतोय."

आजही उत्तर नाही. ते कोण होतं, माहीत नाही. पण जे कोणी होतं, त्याला मी मनापासून हात जोडतो... आणि बाईंच्या हातचा चहा गरम असतानाच पितो.